वडीवरची रेघ

मी एक जुने काचेचे भांडे आहे. पसरट, जाड बुडाचे, दोन बाजूंना कान असलेले. मित्रांनो, भांड्याचे कान फक्त उचलण्यापुरते असतात असा तुमचा समज असेल, तर तो आधी दूर करा. माझ्यासमोर माणसे जे बोलली आहेत, ते ती एकमेकांसमोर कधीच बोलली नसती. भांड्यासमोर कोण लाजतो?

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीत वितळले, साच्यात ओतले गेले, थंड झाले. त्यात विशेष काही नाही. माझ्यासारखी शेकडो भांडी त्या दिवशी जन्मली. मग खोक्यात बसून मी दुकानात गेले, दुकानातून कुणाच्या तरी कपाटात आणि त्या कपाटातून काकूंच्या घरी भेट म्हणून आले. भेट देणाऱ्या बाईंनी खोक्यावरची आधीची नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली होती. अर्धी निघाली, अर्धी राहिली. काकूंनी ती वाचली, हसल्या आणि म्हणाल्या, "अय्या, कशाला एवढा खर्च केलात!"

काकू म्हणजे शिवणकाम करणाऱ्या काकू. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे मशीन, मधे स्वयंपाकघर आणि मागच्या अंगणात भिंतीला लागून मधमाश्यांच्या पेट्या. पुढे सुईचे काम, मागे नांगीचे, असे काका म्हणत. काका म्हणजे त्यांचे यजमान. माणूस प्रेमळ, पण धीर म्हणून नाही. एकदा काकूंनी माझ्यात केक केला. तो निवायच्या आतच काका अंगणातून आले. सुरी शोधायला कोण जाणार? त्यांच्या खिशात पेटीचे झाकण उचकटायची पोलादी पट्टी होती. मधपाळ त्या पट्टीने पेटी उघडतात, खिळे उपटतात, रंगाचे डबे उघडतात आणि बायको बघत नसेल तर केकही कापतात. काकांनी कापला. केक संपल्यावर माझ्या बुडाशी एक रेघ दिसली. बारीक, वाकडी, पापणीच्या केसाएवढी.

"झालं," काकू म्हणाल्या. "गेलं भांडं पाहुण्यांपुढून."

"केवढीशी रेघ ती! कोणाला दिसणार आहे?" काका म्हणाले.

काका आज हयात नाहीत. पण त्या रेघेबद्दलचा त्यांचा अंदाज जितका चुकला, तितका त्यांचा दुसरा कुठलाच अंदाज चुकला नसेल.

पाहुण्यांपुढून उठवल्यावर काकूंनी मला मेणाच्या कामाला लावले. खरे सांगायचे तर ती बढती होती, पण तेव्हा मला कळली नाही.

मित्रांनो, मध तुम्ही खाल्ला असेल. पण मध भरून झाला की मधमाश्या पोळ्याच्या प्रत्येक घरावर मेणाचे झाकण घालतात. मध काढताना ती झाकणे सुरीने उतरवावी लागतात. ते सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात फिके मेण. काकू ते धुवत, गरम पाण्यात ठेवलेल्या पातेल्यात मंद आचेवर वितळवत आणि कापडातून गाळत. कापडाला एका बाजूने लव असे. लव वर ठेवायची, म्हणजे कचरा तीत अडकतो. खाली ठेवली तर लवच मेणात उतरते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग माझी पाळी. मला आधी कोमट करायचे, आतून साबणाच्या पाण्याचा हात फिरवायचा आणि मेण अगदी गोठायच्या बेतात आले की एका दमात ओतायचे. वर झाकण, त्यावर जुनी गोधडी. मेण घाईने थंड झाले किंवा त्याला हादरा बसला तर ते तडकते. म्हणून मेणाची वडी घट्ट होईपर्यंत घरात दार आपटायला बंदी. पूर्ण गार झाल्यावर मला पाण्यात बुडवले की वडी आपोआप सुटून वर येई. तिची जी बाजू माझ्या बुडाला टेकलेली असे, ती तिचे तोंड. आरशासारखे गुळगुळीत. आणि त्या तोंडावर मधोमध, उठून आलेली, पापणीच्या केसाएवढी रेघ.

पहिल्या वर्षी काकूंनी ती रेघ पुसायला रेशमाचा तुकडा फिरवला. रेघ गेली, पण तिथे बोटभर मळकट डाग पडला. ती वडी त्यांनी परत वितळवली. दुसरी ओतली आणि रेघ राहू दिली.

मधपाळांच्या क्लबाची वर्षातून एकदा स्पर्धा होई. वाचनालयाच्या वर एक लांबट हॉल होता, त्यात पांढऱ्या चादरी घातलेली टेबले मांडत. एका टेबलावर फिका मध, दुसऱ्यावर गडद. मग मेणबत्त्या, हातापायांना लावायचे मलम, साबण, लाकडाचे पॉलिश आणि शेवटी खिडकीजवळ मेणाच्या वड्या. वस्तूवर नाव लिहायचे नाही, फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक जोडणारी चिठ्ठी बंद पाकिटात. नियम फार कडक.

काकू वडी मऊ कापडात गुंडाळून माझ्यातच ठेवून नेत, म्हणजे वाटेत ओरखडा जाऊ नये. वडी टेबलावर मांडली की मला टेबलाखाली सरकवत. चादर जमिनीपर्यंत. त्यामुळे परीक्षणाच्या वेळी सगळ्या सभासदांना बाहेर काढून दार लावले, तरी आत तिघे उरत. परीक्षक, चिटणीस बाई आणि मी.

त्याआधीचा तास तर ऐकण्यासारखाच. आपल्या बाटलीवरचे बोटांचे ठसे पुसता पुसता माणसे शेजाऱ्याच्या बाटलीकडे अशी बघत, जणू चुकून नजर गेली. एकाने कॉफीच्या जुन्या बाटलीत मध भरून आणला होता. "छान आहे हो, झोप उडाली," असे त्याला परीक्षकांनी नंतर सांगितले. काकूंचा मध कधी चमकला नाही. त्यांच्या माश्या शेजारच्या कडू फुलांवर जात आणि ऐकत नसत. काकूंची सगळी पत वडीवर.

परीक्षक होते घड्याळजी. चौकात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान. डोळ्यात भिंग बसवून ते वडी बघत. पहिल्या वर्षी त्यांनी काकूंची वडी फार वेळ बघितली. वास घेतला, उजेडात धरली, उलटी केली.

"चिटणीस बाई, ही बारीक रेघ आहे. अर्धा गुण कापा," ते म्हणाले. "पण मेण बघा. याला म्हणतात मेण. पहिला क्रमांक."

तो निकाल अस्सल होता. मी साक्षीला आहे.

दुसऱ्या वर्षी त्यांनी थोडा कमी वेळ बघितले. त्यानंतर आणखी कमी. पुढे पुढे मला टेबलाखाली एवढेच ऐकू येऊ लागले:

"हं. आल्या."

"कोण?" चिटणीस बाई विचारत.

"कोण कसं? क्रमांक अमुक. नाव घ्यायचं नसतं बाई, नियम आहे."

"मी कुठं घेतलं? तुम्हीच 'आल्या' म्हणालात."

"वडी आली. वडी बाईमाणूसच असते." आणि मग, "लिहा पहिला. रेघेचा अर्धा गुण कापा, नाहीतर लोक म्हणतील पक्षपात."

घड्याळजी वाईट माणूस नव्हेत, मित्रांनो. त्यांनी कुणाकडून कधी मधाची बाटलीसुद्धा फुकट घेतली नाही. पण बरोबर वेळ दाखवणारे घड्याळ कोण उघडून बघतो? त्यांनीही उघडणे सोडले, इतकेच.

दुसरा क्रमांक टपालभाऊंचा. हे टपाल वाटायचे, आता निवृत्त. क्लबात त्यांना सगळे 'उपविजेते' म्हणत. "उपविजेते, जरा खुर्ची सरकवा." "उपविजेते, चहा सांगा." ते हसत आणि खुर्ची सरकवत. वडी मात्र दर वर्षी आणत. बक्षीस समारंभ संपला की काकूंजवळ येऊन ठरलेले वाक्य बोलत:

"काकू, मेण माझं काही कमी नाही. सगळी करामत तुमच्या त्या भांड्याची आहे."

"असेल हो भाऊ," काकू म्हणत. "मला तरी कुठं काय येतं?" असे बोलताना त्या बक्षिसाचा कप असा धरत की त्यावरचे नाव भाऊंना सरळ वाचता यावे.

मग एक वर्ष असे आले की काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुईत दोरा सून ओवून देऊ लागली. ही सून एका औषधांच्या दुकानात काम करते. बोलणे मोजके, पण औषधाइतकेच थेट. त्या वर्षी मेण गाळताना ती दारात उभी होती.

"आई, कापड उलटं लागलंय का बघा बरं. लव खाली वाटतेय."

काकूंनी वरसुद्धा बघितले नाही. "जन्म गेला कापडात. मला तू शिकव आता कापडाची सुलटी बाजू."

"शिकवत नाही हो, विचारतेय."

"मग विचारू नकोस. दार लाव, वारा येतोय."

सुनेने दार लावले. मेण माझ्यात आले तेव्हाच मला कळले, लव खालीच होती. बारीक बारीक तंतू, वर काळे कण. मेण ओतायलाही उशीर झाला होता, त्यामुळे कडेला वळ्या पडल्या. आतापर्यंत माझ्यातून निघालेल्या वड्यांत ती सगळ्यात वाईट. सून वडी हातात घेऊन म्हणाली, "आई, यंदा राहू द्या. वडीत कचरा दिसतोय."

"मला तर काही दिसत नाही," काकू म्हणाल्या. आणि ते अगदी खरे होते.

वडी स्पर्धेत गेली. मी टेबलाखाली कान टवकारून बसले. आता बोंब होणार, असे मला वाटले. वरून आवाज आला, "हं. आल्या. लिहा पहिला."

महिन्याभराने काकूंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली, चष्मा आला. घरी आल्या दिवशी त्यांनी सगळे घर नव्याने बघितले. भिंतीवरचा ओलीचा डाग बघितला, सुनेच्या डोक्यातला पांढरा केस बघितला आणि तो तिला सांगितलाही. मग त्या काचेच्या कपाटापाशी आल्या. कपाशेजारी ती वडी ठेवली होती. त्यांनी ती उचलली आणि खिडकीशी नेली.

उजेडात धरली, उलटी केली, चष्मा पुसून परत बघितली.

"ही पहिली आली?" त्यांनी विचारले.

"हो," सून म्हणाली.

"ही?"

"आई, मी म्हटलं होतं..."

"तू म्हटलं होतंस ते बरोबर होतं. ते जाऊ दे. ही जर पहिली आली, तर आधीच्या कशावर आल्या?"

काकूंनी कपाट पालथे घातले. "आधीच्या वड्या कुठायत?"

"मलमात गेल्या ना सगळ्या. दर वर्षी तुम्हीच वितळवता. अर्ध्या गल्लीच्या टाचांना लागल्यात."

काकू खाली बसल्या. समोर कपांची रांग होती. एरवी त्या पुसताना प्रत्येक कप डोळे भरून न्याहाळत. त्या दिवशी त्यांनी रांगेकडे, खिशातली खोटी नाणी निवडावीत तसे बघितले. यातला खरा कुठला आणि रेघेचा कुठला? मला उत्तर ठाऊक होते. निदान सुरुवातीच्या काही वर्षांचे नक्की ठाऊक होते. पण कान असून काय उपयोग, तोंड हवे.

पुढच्या हंगामात काकूंनी एक नवे भांडे आणले. बूड असे गुळगुळीत की माशी घसरावी. मला बाजूला सारून ते ओट्यावर बसवले, तेव्हा मला वाईट वाटले, खोटे का बोलू. एवढ्या वर्षांची चाकरी आणि आता हे कालचे पोर! तेवढ्यात टपालभाऊ ब्लाउज शिवायला टाकायला आले. म्हणजे ब्लाउज त्यांच्या बायकोचा. सवयीने म्हणाले:

"काय काकू, यंदा पण त्या भांड्याची करामत का?"

"भाऊ," काकू म्हणाल्या, "न्या."

"काय?"

"भांडं. न्या यंदा. तुमचं मेण ओता त्यात."

भाऊ हसले. काकू हसल्या नाहीत. मग भाऊंचेही हसू ओसरले. "थट्टा करताय."

"इतकी वर्षं तुम्ही करताय, मी एकदा केली तर काय झालं? बुडाशी रेघ आहे, तिला हात लावू नका. पुसायला गेलात तर डाग पडतो."

भाऊ मला छातीशी धरून गेले. ब्लाउजाचे माप सांगायचे विसरले. सून आतून म्हणाली, "आई, हरलात तर?"

"हरले तर कळेल."

"आणि जिंकलात तर?"

"तरी कळेल. न कळता कप पुसत बसण्यापेक्षा बरं."

भाऊंचे घर लहान. स्वयंपाकघरात मेणाची पातेली, चाळण्या, कापडे. त्यांच्या बायकोने मला बघून कपाळाला हात लावला. "आता भांडीसुद्धा उसनी आणायला लागलात? हा कप एकदाचा मिळाला की मी तुमच्या हातचा चहा पिईन म्हणते, तोवर या मेणातून ओटा मोकळा होत नाही."

भाऊंनी मेण गाळले, परत गाळले, कापड बदलून परत गाळले. प्रत्येक वेळी कापडाच्या लवेवरून बोट फिरवून बघितले. मला कोमट केले ते तान्ह्या बाळाचे पाणी बघावे तसे, कोपराने. आणि मेण आत आले.

मित्रांनो, इतकी वर्षे मी एकाच घरचे मेण बघितले होते. काकूंच्या मेणासारखे मेण जगात नाही, असे माझे ठाम मत होते. हे मत किती दुसऱ्या मेणांशी ताडून बनवले होते, असे कोणी विचारले असते तर मी निरुत्तर झाले असते. भाऊंचे मेण फिके, नितळ, फुलांच्या वासाचे होते. त्यात लवेचा एक तंतू नव्हता. हे काकूंपेक्षा सरस की त्यांच्याएवढेच, ते मला सांगता येईना. आणि ते सांगता येत नाही, हीच मला मोठी बातमी होती.

वडी गार होईस्तोवर भाऊ दारापाशी स्टूल टाकून बसले, कोणी दार आपटू नये म्हणून. बायको भाजी आणायला निघाली तर तिला म्हणाले, "हळू जा."

"मी जोरात कधी गेले?" ती म्हणाली, पण चपला बाहेर जाऊन घातल्या.

स्पर्धेच्या दिवशी मी पुन्हा टेबलाखाली, पण या वेळी भाऊंच्या हाताने. काकूंची वडी त्याच टेबलावर होती, नव्या भांड्यातून निघालेली. नवे डोळे, नवे भांडे आणि कापडाची लव वर. दार लागले. घड्याळजींची पावले आली.

"हं. आल्या," ते म्हणाले. वडी उचलल्याचासुद्धा आवाज झाला नाही. "लिहा पहिला."

पावले पुढे सरकली. एक वडी तडकलेली. एकीला धुराचा वास. मग ते थांबले. या खेपेला वडी उचलल्याचा आवाज आला, वास घेतल्याचा आला, टिचकी मारल्याचा आला.

"चिटणीस बाई, ही कुणाची असेल?"

"नाव घ्यायचं नसतं. नियम आहे."

"तसं नव्हे. उपविजेत्यांची नाही, ते कडा इतक्या घोटत नाहीत. कुणीतरी नवीन आहे. हात फार चांगला आहे हो. रंग बघा. तोंड बघा, डाग नाही, रेघ नाही."

"मग पहिला द्यायचा का?"

घड्याळजींनी वडी खाली ठेवली. "नको. नव्या माणसाला एकदम पहिला दिला तर डोक्यात जातो. दुसरा लिहा. पुढच्या वर्षी बघू."

मी टेबलाखाली ऐकत होते. काकूंना वर्षभर जे हवे होते, ते वर बोलले गेले होते. आणि काकू दाराबाहेर, बंद कडीपलीकडे उभ्या होत्या.

निकालाला सगळे आत आले. मध झाला, मेणबत्त्या झाल्या, मलम झाले. वड्यांची पाळी आली.

"दुसरा क्रमांक," घड्याळजी म्हणाले, "देताना मला विशेष आनंद होतोय. कुणीतरी नवखा हात आहे. मेहनत चांगली, सफाई चांगली. माझं एवढंच सांगणं की खचून जाऊ नका. अशीच चिकाटी ठेवा, अनुभवी मंडळींना विचारत जा, पुढे नाव काढाल." त्यांनी पाकीट फोडले. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. भिंग लावून वाचली.

"काय झालं? कोण आहे?" मागून कोणी विचारले.

"काकू," घड्याळजी म्हणाले.

हॉलमध्ये असा हशा पिकला की खालच्या वाचनालयातून कोणीतरी काठीने छत ठोकले. काकू उठल्या, पुढे आल्या. "घड्याळजी, चिकाटी ठेवीन हो," म्हणाल्या. "अनुभवी मंडळींना विचारतही जाईन."

पण घड्याळजींना हसू येत नव्हते. दुसरा काकूंचा, तर मग पहिल्याच्या पाकिटात कोण? ते पाकीट त्यांनी गरम चिमटा धरावा तसे धरले आणि फोडले.

"पहिला क्रमांक," ते हळू म्हणाले, "टपालभाऊ."

कोणाला टाळ्या वाजवायचेही सुचेना. भाऊ जागचे उठले नाहीत. त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसले. "उठा की! मिळाला ना!"

भाऊ उठले, पण कपाकडे गेले नाहीत. टेबलापाशी आले. चादर वर केली आणि मला बाहेर काढले. एवढी माणसे माझ्याकडे बघत आहेत, असे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

"हे काकूंचं भांडं आहे," भाऊ म्हणाले. "यात रेघ आहे. ती वडीवर उठते. हा पहिला त्या रेघेला आलाय, मला नाही. इतकी वर्षं मी दुसरा घेतला, कुरकुर केली नाही. पण असा पहिला मला नको."

"अहो!" बायको म्हणाली.

"तू थांब. घड्याळजी, वड्या पालथ्या घाला. चिटणीस बाई, तुम्ही अदलाबदल करा. आणि परत बघा. मी तिसरा आलो तरी चालेल, पण बघून येऊ द्या."

घड्याळजींचा चेहरा उतरला होता. पण त्यांनी नाही म्हटले नाही, हे त्यांच्या नावावर जमा करा. ते पाठ करून उभे राहिले. चिटणीस बाईंनी दोन्ही वड्या तोंड खाली करून ठेवल्या, इकडच्या तिकडे केल्या. मग घड्याळजी वळले. त्यांनी एक वडी खिडकीशी धरली, तोंड न उलटता. दुसरी धरली. वास घेतला, कडा बोटाने चाचपल्या, टिचकी मारून ऐकले. पुन्हा पहिली घेतली. चहा आला, गार झाला. पहिल्या वर्षी ज्या माणसाने अर्धा गुण कापायला सांगितला होता, तो माणूस मला त्या दिवशी परत दिसला.

काकू पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. भाऊ छताकडे बघत होते.

"ही," शेवटी घड्याळजी म्हणाले. "केसाच्या फरकाने. पण ही."

चिटणीस बाईंनी वडी उलटली. मधोमध रेघ होती.

टाळी पहिली वाजवली काकूंनी. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. त्यांची बायकोच बोलली, "आता चहा करणार ना घरी?"

गलका जरा ओसरल्यावर काकू घड्याळजींपाशी गेल्या. हळू आवाजात विचारले, पण मी शेजारीच होते. "आणि मागच्या वर्षीची माझी वडी?"

"मागच्या वर्षी मी वडी बघितली नाही, काकू. रेघ बघितली."

"आणि त्याआधी?"

"सुरुवातीला बघत होतो. शपथेवर. नंतर कधी सोडलं, ते मलाच आठवत नाही."

काकूंनी मान हलवली. "मागच्या वर्षीचा कप मी परत देते. त्याआधीचे ठेवते. त्यांचा पुरावा गल्लीच्या टाचांना लागलाय, तो आता कोण तपासणार?" आणि मग, "पण तो नवखा हात चांगला होता म्हणालात, ते बघून म्हणालात ना?"

"भिंग लावून."

"मग झालं," काकू म्हणाल्या. घरी जाताना त्या सगळ्या रस्त्याने सुनेला "चिकाटी ठेव, नाव काढशील" असे म्हणत हसत होत्या.

निघण्यापूर्वी घड्याळजींनी मला हातात घेतले होते. बुडावरून बोट फिरवले. "हेच का ते?" एवढेच म्हणाले. मित्रांनो, आमची ओळख किती वर्षांची, पण भेट त्या दिवशी झाली.

आता क्लबात वड्या पालथ्याच मांडतात. परीक्षकांचे बघून झाल्याखेरीज उलटायच्या नाहीत. भाऊंना लोक अजून 'उपविजेते'च म्हणतात, कारण सवय. ते अजून खुर्ची सरकवतात, पण जरा थांबून.

मी मेणाच्या कामातून निवृत्त झाले आहे. काकूंनी मला अंगणातल्या भिंतीवर ठेवले आहे. माझ्यात गोटे घातले आहेत आणि पाणी भरले आहे. उन्हाच्या दिवसांत मधमाश्यांना पाणी लागते आणि बुडू नये म्हणून बसायला दगड लागतो. त्या येतात, गोट्यावर बसतात, पाणी पितात, जातात. माझ्या बुडाशी काय आहे, याची एकीनेही आजवर चौकशी केलेली नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी कुणाची वही, चित्र, वडी किंवा माणूस पारखायला बसाल, तर आधी एकदा पालथे घालून बघा. नाव दिसले नाही की डोळे नीट उघडतात, मोतीबिंदू नसला तरी. आणि माझे स्वतःचे एक मागणे आहे. सुनेला कोणीतरी सांगा, आठवड्यातून एकदा शेवाळ काढायला ती मला तारेची घासणी लावते. फडके लाव म्हणावे. एका रेघेने एवढे झाले. दुसरी पडली तर या वयात मला झेपायचे नाही.